सरनाम्यातले आम्ही

११ फेब्रुवारी

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार.

तुझ्या पत्राची वाट न बघता लिहितोय, कारण बातमी पोटात राहत नाही. घटना समितीनं मला सरनाम्याच्या उपसमितीचा चिटणीस नेमलंय. बाबा मला लहानपणी ‘वकीलसाहेब’ म्हणून चिडवायचे. आज असते तर म्हणाले असते, घ्या, आता याच्या तोंडाला सरकारी परवाना मिळाला.

समिती एका बंद पडलेल्या नाट्यगृहात भरते. लष्करी राजवटीत इथं धान्याचं गोदाम होतं. खुर्च्यांच्या फटीत अजून दाणे सापडतात आणि ऐन चर्चेत एखादा उंदीर पायाखालून जातो. अध्यक्ष रंगमंचावर, आम्ही खाली, आणि लष्कराचे निरीक्षक वर बाल्कनीत. ते कधीच बोलत नाहीत. टोप्या मांडीवर ठेवून नुसते बसतात.

तू म्हणशील, सरनामा म्हणजे घटनेचं पहिलं पान, त्या एका पानाला आख्खी समिती कशाला? अगं, सगळा जीव त्यातच आहे. ही सत्ता आली कुठून, ती कुणाची, आणि कशासाठी वापरायची, एवढं त्या पानानं सांगायचं. जुनी घटना ‘सेनापतींच्या आज्ञेवरून’ अशी सुरू व्हायची. आता मालक लोक. त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेला कायदा. लिहितानाही अंगावर काटा येतो.

पण गाडं पहिल्याच शब्दावर अडलंय. ‘आम्ही’ की ‘आपण’? एका गटाचं म्हणणं, ‘आपण’ लिहा, म्हणजे कुणीच बाहेर राहत नाही. दुसरा गट ‘आम्ही’वर अडून बसलाय. सगळ्यांचे घसे बसले, शब्द काही बसत नाही. तुला काय वाटतं? आणि दवाखान्यात तुझ्या खुर्चीत तोंड उघडून बसणाऱ्यांनाही विचार, या पानावर काय असावं. पुस्तकातली वाक्यं माझ्याकडे ढीगभर आहेत. मला माणसांच्या तोंडची हवीत.

एप्रिलमध्ये लोकसुनावणीसाठी आम्ही तुमच्या गावी येणार आहोत. आईच्या डोळ्यांचं काय? मोतीबिंदूची टाळाटाळ तिनं पुरे करावी.

भिंगरीबद्दल लिहायला हात उचलत नाही. पण ताई, या वेळी प्रश्न विचारणारे आपण असू.

तुझा,
भाऊ


२ मार्च

चि. भाऊस,

अनेक आशीर्वाद, आणि मनापासून अभिनंदन. आईला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘उंदरांचा बंदोबस्त करा म्हणावं आधी.’ पण नंतर शेजारच्या तिन्ही घरी स्वतः जाऊन सांगून आली, भिंत चाचपत. ऑपरेशनचं नाव काढलं की तिला ऐकूही कमी येतं.

तू सांगितलंस तसं पेशंटना विचारलं. ज्याच्या गालात कापूस आहे त्याला मत विचारणं सोयीचं असतं, मध्येच आपलं बोलणं तोडत नाही. ट्रकवाला म्हणाला, ‘रस्ते लिहा.’ मी म्हटलं, अहो, सरनाम्यात रस्ते नसतात. तर म्हणतो, ‘मग काय नुसती हवा असते?’ कोपऱ्यावरची बेकरीवाली दाढ दाखवायला आली होती. तिच्या नवऱ्याला भट्टीसमोरून उचलून नेलं, पीठ मळलेल्या हातांनी. ती म्हणाली, ‘लिहा, की कुणाला न्यायचं तर कुठं नेतो ते सांगून न्या.’ शिंपीणही आली होती. तिच्या भावालाही असंच नेलंय. ती नुसती माझ्या हातातल्या चिमट्याकडे बघत राहिली.

आता माझं. माझ्या भिंगरीला कॉलेजच्या फाटकातून कप्तानाच्या जीपमध्ये घातलं, त्याला या महिन्यात चार वर्षं होतील. अजून गल्लीत जीपचा आवाज आला की जेवताना आमचे हात थांबतात. आई तर घास तोंडात तसाच धरून बसते, गाडी पुढं निघून जाईपर्यंत. तेवढं लिही. की या देशात कुणाला असा घास धरून बसावं लागणार नाही. तुमच्या भाषेत त्याला काय म्हणतात ते तू बघ.

आणि ‘आम्ही’ की ‘आपण’ हा काय प्रश्न झाला का? ‘आपण’मध्ये ऐकणाराही येतो. ‘आम्ही’ म्हटलं की बोलणारे एका बाजूला आणि ऐकणारा दुसऱ्या. कप्तान आता सुरक्षा सल्लागार झालाय, माहितीये ना? सरकारी विश्रामगृहात राहतो. संध्याकाळी कुत्रा फिरवतो, मला बघून टोपीला हात लावतो. त्याच्याबरोबर ‘आपण’ व्हायची माझी तयारी नाही. ‘आम्ही’ लिही. आणि त्याला ऐकायला लाव.

तुझी,
ताई


२० मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मी उपसमितीत मोठ्यानं वाचलं. घास तोंडात धरून बसलेल्या आईपाशी आलो तेव्हा अध्यक्षांनी चष्मा काढून ठेवला. शब्द ठरला, ‘भयमुक्त’. आणि पहिला शब्द ‘आम्ही’. तुझा मुद्दा मी माझा म्हणून मांडला, एवढी चोरी भावाला माफ असावी.

बाल्कनीतले निरीक्षक त्या दिवशी प्रथमच खाली उतरले आणि अध्यक्षांच्या खोलीत बराच वेळ होते. काय बोलणं झालं कळलं नाही.

मी १८ एप्रिलला पोचतो. मुक्काम विश्रामगृहात करावा लागेल, सगळ्यांची सोय तिथंच केलीय. कप्तानाचं मी बघतो. त्याच्याशी सरळ समोरासमोर बोलेन. पहिल्या दिवशी रात्रीचं जेवण मात्र घरी, आईच्या शेजारच्या पाटावर. दुसऱ्या दिवशी सुनावणी. तुमच्या त्या बेकरीवाल्या बाईंना आणि शिंपीणबाईंना नक्की घेऊन ये. अशाच लोकांचं म्हणणं नोंदवायला आम्ही येतोय.

तुझा,
भाऊ


३० एप्रिल

चि. भाऊस,

आशीर्वाद. पोचल्याचं दोन ओळींचं पत्र नाही, म्हणून मीच लिहिते. तब्येत कशी आहे?

त्या रात्री तू पानावरून तसाच उठलास. आईनं दिसत नसताना स्वतः स्वयंपाक केला होता, मला चुलीपाशी फिरकू दिलं नव्हतं, आणि तू म्हणालास पोटात कालवतंय. चेहरा राखेसारखा झाला होता तुझा. विश्रामगृहात तुम्हाला चहाबरोबर काय खायला घातलं देव जाणे. आई भिंगरीचं काहीबाही सांगत होती, ती लहानपणी तुझ्या कोटाच्या खिशात गोगलगाई ठेवायची ते, आणि तू एकदम उठून मोरीत गेलास. परत आलास तो टोपी घालूनच.

पण दुसऱ्या दिवशी काय काम केलंस रे! शाळेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. बेकरीवाली बोलायला उभी राहिली आणि तिची बोबडीच वळली. तर तू खुर्चीवरून उठून तिच्याजवळ गेलास, पाण्याचा पेला दिलास, आणि एकेक प्रश्न हळूहळू विचारलास. किती वाजले होते, कोण कोण होतं, नवऱ्याच्या अंगात शर्ट कुठल्या रंगाचा होता. ती म्हणते, आजवर कुणी रंग विचारला नव्हता. शिंपीण तर तुला भाऊच म्हणते आता.

कप्तानाशी बोलणं झालं का? मी विचारणार होते, पण तू सुनावणी संपताच गाडीत बसलास. आईच्या पायाही पडला नाहीस. तुझ्यासाठी बांधलेला डबा तिनं दुसऱ्या दिवशी स्वतः खाल्ला.

डॉक्टरला दाखव. पोटाचं दुखणं अंगावर काढू नये.

ताई


१९ जून

प्रिय ताई,

नमस्कार. उशीर झाला, माफ कर. तब्येत ठीक आहे.

काल घटना मंजूर झाली. लोक रस्त्यावर नाचत होते, नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर मला कुणीतरी खांद्यावर उचलून घेतलं. सरनामा असा आहे: ‘आम्ही, या देशाचे लोक, सर्व सत्तेचा उगम आमच्यात आहे हे जाणून, प्रत्येकाला न्याय, समान मान आणि भयमुक्त जीवन लाभावे आणि आमच्यात ऐक्य नांदावे यासाठी, ही घटना स्वतःस देत आहोत.’ शाळेतल्या मुलांना तो पाठ करायला लावणार आहेत. त्यात तुझा शब्द आहे, ताई. तुझा आणि आईचा.

बाकीची कलमं कंटाळवाणी आहेत. शेवटचं प्रकरण तर निव्वळ संक्रमण काळाच्या तरतुदींचं आहे, ते वाचायच्या भरीस पडू नकोस.

एक सुचवायचं होतं. रागावू नकोस. भिंगरीची खोली आता रिकामी करावीस. तिचे कपडे कुणा गरजूला द्यावेत. चांगला भाडेकरू मिळेल, आईलाही सोबत होईल. किती दिवस दार उघडं ठेवून बसणार? तुमच्या दोघींचं असं रोज थोडं थोडं मरणं मला बघवत नाही. जे झालं ते झालं असं धरून चालायची वेळ आलीय.

कप्तानाशी फार काही बोलणं झालं नाही.

तुझा,
भाऊ


८ सप्टेंबर

चि. भाऊस,

तुझ्या पत्रावर मी इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण दिलं असतं तर वाईट दिलं असतं. खोली आहे तशी आहे. तू राजधानीत दमून जातोस, घरची माणसं थकलेली बघून तुझा जीव तुटतो, म्हणून लिहून गेलास, अशी मी स्वतःची समजूत घातली. पुन्हा लिहू नकोस.

आता दुसरं. शेवटचं प्रकरण मी वाचलं. तू नको म्हणालास म्हणून नव्हे, शिंपीण वर्तमानपत्राचं पान घेऊन आली म्हणून. ‘मागील राजवटीत कर्तव्य बजावताना केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कुणावरही खटला चालणार नाही.’ हे कुणी घुसडलं रे? तू त्या दिवशी कुठं होतास? नक्कीच तुझ्या पाठीमागं केलं असणार. तू असतास तर आकाशपाताळ एक केलं असतंस.

आम्ही दावा लावतोय. मी, बेकरीवाली, शिंपीण. आमच्या हातात सरनामा आहे. पहिलं पान म्हणतं न्याय आणि शेवटचं पान म्हणतं माफी, तर कोर्टानं सांगावं, दोन्हींतलं खरं कुठलं.

आणखी एक झालं. गेल्या आठवड्यात कप्तान दवाखान्यात आला. गाल सुजलेला. गावात दुसरा दातांचा डॉक्टर नाही, हे त्यालाही माहीत आणि मलाही. खुर्चीत मान मागं टाकून म्हणाला, ‘दुखवणार नाही ना, डॉक्टरबाई? आता एकाच सरनाम्यातले आपण.’ मी नीट इंजेक्शन दिलं, भूल चढेपर्यंत थांबले. दाढ काढताना विचारलं, ‘माझी मुलगी कुठंय?’ त्याच्या तोंडात माझे दोन्ही हात. तो डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत राहिला. भीती नव्हती त्या डोळ्यांत. आश्चर्य होतं. मला काही माहीत नाही याचंच जणू त्याला नवल वाटत होतं. जाताना नर्सला म्हणाला, ‘बाईंचा हात हलका आहे.’

तू आमचा वकील हो. तुझ्याएवढं ते पान कुणाला कळतं?

ताई


४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुझा दावा टिकणार नाही. हे मी भाऊ म्हणून नाही, कायदा जाणणारा म्हणून सांगतो.

सरनामा घटनेचा हेतू सांगतो. कलमाचा अर्थ धूसर असेल तर न्यायाधीश त्याच्या उजेडात तो लावतात. पण त्यातून कुणाला हक्क मिळत नाही आणि त्याच्या जोरावर कुणाला कोर्टात खेचता येत नाही. शेवटच्या प्रकरणातलं कलम अजिबात धूसर नाही. ते मुद्दाम तसं स्पष्ट लिहिलेलं आहे.

आणि ते कुणी घुसडलेलं नाही. मीच लिहिलं. बाल्कनीतल्यांनी सांगितलं होतं, हे कलम नसेल तर आम्ही बराकीत परतणार नाही. शेवटचं पान नसतं तर पहिलंही नसतं, ताई. एक अख्खा देश एका पारड्यात होता. दुसऱ्या पारड्यात काय होतं ते मला लिहायला लावू नकोस.

सत्ता लोकांची आहे. पण लोक म्हणजे तुम्ही तिघीच नाही. ज्यांनी रस्त्यावर नाचून ही घटना स्वीकारली तेही लोकच. त्यांना गेल्या काळाचे हिशेब नकोत, शांतता हवीय.

मी तुझा वकील होऊ शकत नाही. कारण विचारू नकोस. दावा मागं घे. कोर्टात जे ऐकावं लागेल ते तुला सोसवणार नाही.

तुझा,
भाऊ


१६ फेब्रुवारी

भाऊ,

कारण कळलं.

आम्ही तिघी खटल्याच्या आदल्या दिवशीच बसनं राजधानीत पोचलो होतो. आईनंही हट्ट धरला, तिलाही नेलं. कोर्टात आमच्या शेजारच्या बाकाकडे काळ्या झग्यात एक माणूस आला आणि शिंपीण मला कोपरानं ढोसून म्हणाली, ‘अगं, आपला भाऊ!’ तिला वाटलं, तू आमच्यासाठी आलास. आईनं विचारलं, ‘आलाय का तो? कुठल्या बाजूला?’ मी म्हटलं, सरकारच्या. तिला वाटलं, चेष्टा करतेय.

तू छान बोललास. आवाज बाबांसारखा लागतो तुझा. म्हणालास, सरनामा प्रत्येकाला भयमुक्त जीवन देतो, आणि ‘प्रत्येकाला’ या शब्दाला अपवाद नाही. जुन्या अधिकाऱ्यांना उद्या कोण दावा लावेल या भीतीत जगावं लागलं, तर तो सरनाम्याचाच भंग. आईचा घास होता तो, भाऊ. तिच्या तोंडातला. तू तो काढून कप्तानाच्या तोंडात घातलास, तिच्यासमोर.

दावा फेटाळला. मग आमच्या वकिलानं हात जोडून विनंती केली, की आता यांना कसली शिक्षा होणार नाही, तर माणसं कुठं आहेत तेवढं तरी यांनी सांगावं. न्यायाधीश म्हणाले, सक्ती करता येत नाही, साक्षीदाराची इच्छा असेल तर.

तिथंच बसलेला कप्तान उभा राहिला. अगदी सभ्यपणे.

‘माझी हरकत कधीच नव्हती,’ म्हणाला. ‘त्या मुलीच्या मामांना मी गावातल्या लोकसुनावणीच्या आदल्या संध्याकाळीच सांगितलंय. विश्रामगृहाच्या हिरवळीवर. चहा घेत होतो आम्ही. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. मागं घोड्यांचा जुना तबेला आहे, तिथं. सगळी तिथंच आहेत.’ मग तो माझ्याकडे वळला. ‘बाई, यांनी तुम्हाला सांगितलं नाही?’

ती त्याची चेष्टा नव्हती. तो खरंच विचारत होता.

न्यायाधीशांनी तुझ्याकडे बघितलं. ‘सरकारपक्षाला काही म्हणायचंय?’

तू कागद सारखे केलेस आणि म्हणालास, ‘हा विषय प्रस्तुत प्रकरणाच्या कक्षेबाहेर आहे, महाराज.’

बेकरीवाली हसायला लागली. थांबेचना. शिपायांनी तिला धरून बाहेर नेलं.

तबेल्यापासून विश्रामगृहातली तुझी खोली किती लांब होती? तिथं तू झोपलास त्या रात्री. त्याआधी आमच्याकडे येऊन जेवायला बसलास.

आम्ही उकरायची परवानगी मागितलीय. मिळेल म्हणतात. आता कुणाला त्याचं भय राहिलेलं नाही.


२५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तू हे फाडशील कदाचित. तरी लिहितो.

मी त्याला धमकी द्यायला गेलो होतो. आता लोकांचं राज्य येतंय, तुला जबाब द्यावा लागेल, असं काहीतरी म्हणालो. त्यानं माझ्यासाठी साखर ढवळली आणि सांगून टाकलं. कुणी हवामान सांगावं तसं. मग म्हणाला, ‘उद्या सभेत हे बोललात तर गाव पेटेल. गाव पेटलं की आम्हाला बाहेर पडावं लागेल. मग तुमचं ते पान कुठलं आणि काय. तुम्ही ठरवा.’

मी ठरवलं. तो निर्णय मी एकट्यानं घेतला, आणि लाखो लोकांसाठी घेतला, असं मी स्वतःला सांगत आलो. वाटलं, घटना मंजूर झाली की तुला सांगेन. मग वाटलं, निवडणूक होऊन जाऊ दे. मग खटला आला, आणि सरकारनं मलाच उभं केलं, कारण ते कलम माझं. नाही म्हटलं असतं तर का नाही, ते सांगावं लागलं असतं.

आजही मला वाटतं, देशाचा विचार केला तर मी चुकलो नाही. घरचा विचार केला तर मला तोंड नाही.

मला भिंगरीच्या निरोपाच्या दिवशी येऊ दे. मागं उभा राहीन. कुणाशी बोलणार नाही. लहानपणी तिला कडेवर घेऊन मी अख्खं गाव हिंडलोय. एकदा तिला शेवटचं उचलू दे. हा माझाही हक्क आहे, ताई.

भाऊ


२२ मार्च

तुझं पत्र पोचलं. शनिवारी निरोप आहे. तू यायचं नाहीस, असं ठरलं. कसं ठरलं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहिते.

तबेल्याची फरशी फोडली. खाली चुना होता. अकरा माणसं निघाली. सरकारी डॉक्टर म्हणाले, कुणाचं कोण हे सांगणं कठीण आहे. मी म्हटलं, जबडे माझ्याकडे द्या. या गावाचे दात मीच बघितलेत. शाळेच्या सभागृहात, जिथं तू सुनावणी घेतलीस, तिथंच टेबलं मांडून दिली. बेकरीवाल्याचा पुढचा दात अर्धा तुटलेला होता, भट्टीचं दार लागून. त्याच्याबरोबर शर्टाची बाही होती. हिरवी. भिंगरीला मी शेवटी घेतलं. उजवीकडची खालची दाढ, त्यात चांदी. ती मीच भरली होती, कॉलेजला जायच्या आधीच्या उन्हाळ्यात, आणि तिनं मला चावलं होतं. भराव शाबूत आहे. काम चांगलं झालं होतं.

त्यानंतर सगळ्यांच्या घरची माणसं माझ्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत जमली. अकरा घरं. बाकं पुरली नाहीत, लोक खाली बसले. मी तुझं पत्र मोठ्यानं वाचलं. एकही ओळ गाळली नाही. हक्काची तर दोनदा वाचली, ऐकू आलं नाही म्हणाले म्हणून.

बेकरीवाली म्हणाली, ‘त्यानं मला पाणी दिलं. शर्टाचा रंग विचारला. माझा माणूस कुठंय ते त्याला ठाऊक होतं, आणि तो रंग विचारत होता. मी त्याला नीट आठवून सांगितला.’

मग शिंपीण म्हणाली, ‘हा डॉक्टरांच्या घरचा मामला आहे. आईंना विचारा. त्यांचा मुलगा आहे.’

आई कोपऱ्यात बसली होती. म्हणाली, ‘माझ्या एकटीच्या दारात येणार असता तर मी त्याला घेतलं असतं. पोटचा आहे. पण जमिनीखाली अकरा जण होते, ते सगळ्यांचे होते, आणि त्यानं सगळ्यांचं एकट्यानं ठरवलं. आता सगळ्यांनी ठरवा. त्यानं येऊ नये असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा.’

तिला दिसत नाही म्हणून ती उठली आणि एकेकाजवळ गेली. प्रत्येकाचं मनगट चाचपून बघायची, वर आहे का. त्या अकरांत ट्रकवाल्याचा पुतण्या होता, त्याच्या बापाचं मनगट वरच होतं. शिंपिणीचाही हात वर होता. आई पुढं सरकायची.

शेवटी माझ्यापाशी आली. हवेत चाचपलं, तिथं काही नव्हतं. मग माझा हात तिला मांडीवर सापडला.

‘तुझा खाली का?’

‘आई, माझा धाकटा भाऊ आहे तो.’

‘मग माझा कोण आहे?’ ती म्हणाली.

तिनं माझं मनगट धरलं आणि हात वर उचलला. मी ओढून घेतला नाही. खोलीतल्या सगळ्यांना दिसेपर्यंत तिनं तो तसाच वर धरून ठेवला.